गप्प बसण्यातही बरंच काही घडतं

क्वेकर या ख्रिस्ती पंथावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यांच्या प्रार्थनासभेत 'काहीच घडत नाही' हे त्यातलं वाक्य खटकलं. बर्मिंगहॅमच्या बोर्नव्हिल भागात मी तीन वर्षं राहिले. शेजारच्या आजी एका रविवारी मला सभेला घेऊन गेल्या. ना पाद्री, ना प्रवचन. गोलाकार खुर्च्या, मधे टेबलावर फुलं आणि तासभर सगळे गप्प. कुणाच्या तरी पोटात गुडगुडलं, ते अख्ख्या सभेनं ऐकलं! बऱ्याच वेळानं एक गृहस्थ उठले, आजारी भावाबद्दल चार वाक्यं बोलले आणि बसले. कुणी उत्तर दिलं नाही, सल्ला तर नाहीच. शेवटी दोघांनी हस्तांदोलन केलं, सभा संपली. मग चहा-बिस्किटं.

त्याहून नवल त्यांच्या कामकाजाच्या सभेचं. मतदान नसतंच. सगळ्यांचा कल कुठे जातोय हे क्लार्क (सभा चालवणारा सदस्य) ओळखतो, ठराव तिथल्या तिथे लिहून वाचून दाखवतो. पटला नाही तर पुन्हा शांतता. (आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी हे सुरू करा हो!)

आणि मार्जोरी साइक्स यांचं नाव कसं सुटलं? या इंग्रज क्वेकर बाईंनी आपल्या वर्ध्याच्या सेवाग्रामला नई तालीमचं, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणपद्धतीचं, काम केलं, पुढे मध्य प्रदेशात होशंगाबादजवळच्या (आताचं नर्मदापुरम) रसूलियातल्या क्वेकर केंद्रात राहिल्या. याच केंद्रानं किशोर भारती या संस्थेसोबत 1972 मध्ये 16 शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली होती.