लिस्बनचे कॅप्टन आणि चिलीचा जनरल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

२५ एप्रिल १९७४ ला पोर्तुगालच्या सैन्यातल्या कॅप्टनांनी लिस्बनमध्ये हुकूमशाही उलथवली, आणि त्या दिवशी सैनिकांच्या बंदुकांच्या नळीत फुलं खोचली गेली. त्या उठावावरचा माझा लेख वाचून, चिलीत १९७३ मध्ये सत्ता बळकावणाऱ्या जनरल पिनोचेशी तुलना करत तुम्ही लिहिलंत, "पिनोचेने रणगाडे आणले की तो हुकूमशहा आणि लिस्बनच्या कॅप्टनांनी आणले की ती क्रांती, हा कुठला न्याय? नळीत फूल खोचल्याने बंदूक पवित्र होत नाही." 'रक्तहीन' या माझ्या शब्दालाही तुमची हरकत आहे.

तो शब्द मी मागे घेतो. त्या दिवशी गुप्त पोलिसांच्या मुख्यालयातून बाहेर जमलेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार जण मेले. माझ्या एका विशेषणाने ते चौघे पुसले गेले, याचं मला वाईट वाटतं.

कॅप्टन लोकशाहीचा ध्यास घेऊन एकत्र आले नव्हते, हेही कबूल. १९७३ मध्ये सरकारने थोडक्या प्रशिक्षणावर तात्पुरत्या अधिकाऱ्यांना कायम नोकरीत घेणारा हुकूम काढला, तिथे ठिणगी पडली. भांडण सेवाज्येष्ठतेचं. पण त्यामागे अंगोला, गिनी आणि मोझांबिक या आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींमधली न संपणारी युद्धं होती. आणि गोवाही होता. डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगालचा तेव्हाचा हुकूमशहा सालाझार याने गोव्यातल्या पोर्तुगीज फौजेला तारेने बजावलं होतं की सैनिक एकतर विजयी दिसावेत, नाहीतर मेलेले. गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा यांनी शरणागती पत्करून माणसं वाचवली, तर त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आलं. गिनी हातची जाताना बघणाऱ्या अधिकाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं : हरलो तर खापर आपल्याच डोक्यावर फुटणार.

पण पिनोचेशी बरोबरी मला मान्य नाही. चिलीत लोकांनी निवडून दिलेलं सरकार पाडलं गेलं आणि पिनोचे १९९० पर्यंत सत्तेवर राहिला. लिस्बनमध्ये पडली ती चार दशकांची हुकूमशाही, आणि बरोबर एका वर्षाने, २५ एप्रिल १९७५ ला, निवडणूक झाली. ९० टक्क्यांहून जास्त मतदान झालं.

तुमच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा मात्र तुम्ही मांडलाच नाहीत. उठावानंतर सरकारवर वचक ठेवणारी सैनिकांची क्रांती परिषद १९८२ पर्यंत टिकून होती. १९७५ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा नोव्हेंबरमध्ये सैन्याचेच गट एकमेकांवर उठले, तेव्हा पोर्तुगालचंही चिली होऊ शकलं असतं. ते मी लेखात लिहायला हवं होतं.

तरीही उठावाच्या सकाळचा एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तॅगस नदीकाठी सरकारी रणगाडे समोर उभे. उठाववाल्यांचा कॅप्टन साल्गेरू माया हातात पांढरा रुमाल आणि खिशात हातबॉम्ब घेऊन त्यांच्याकडे चालत निघाला. सरकारी बाजूच्या ब्रिगेडियरने गोळी झाडायचा हुकूम दिला. अधिकाऱ्याने नकार दिला, म्हणून त्याला अटक झाली. मग तोच हुकूम रणगाड्यातल्या कॉर्पोरलला. त्याने झाकण आतून बंद करून घेतलं आणि गोळी झाडलीच नाही.

संध्याकाळी मायाने शरण आलेल्या पंतप्रधान काएतानोला चिलखती गाडीतून सुखरूप बाहेर काढलं. पुढे त्याला पदं देऊ केली गेली. त्याने ती घेतली नाहीत. तो आपल्या तुकडीसह सांतारेंच्या छावणीत परत गेला.