रापणं आणि इजा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

उन्हात त्वचा का रापते, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "एसीत बसणाऱ्या पुस्तकी लोकांनी आम्हाला ऊन शिकवू नये. रापणं हे संरक्षण आहे, इजा नव्हे." पुढे तुमच्या आजोबांना उन्हाने काही झालं नाही, ड जीवनसत्त्व, मी सनस्क्रीन कंपन्यांकडून पैसे घेऊन लिहिते वगैरे. लेखाचं शीर्षक जरा भडक होतं, हे मान्य. पण 'पुस्तकी' हे मला लागलं. माझे वडील निफाडकडे कांद्याच्या शेतात राबले. सुट्टीत मीही निंदणीला जायचे. पुढे प्रयोगशाळेत त्वचेच्या पेशी वाढवायच्या आणि अतिनील दिव्याखाली ठेवायच्या, हेच माझं काम झालं. शंका असेल तर विचारावी, हिणवायचं कशाला?

आता तुमच्या वाक्याकडे येते. रापल्याने संरक्षण मिळतं, कोण नाही म्हणतंय? पण ते सुरू कशाने होतं, ते तरी बघा. उन्हातले यूव्हीबी हे अतिनील किरण डीएनएच शोषून घेतो आणि शेजारशेजारचे दोन थायमिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) एकमेकांना चिकटतात. पेशीला ही इजा कळते, पी५३ हे प्रथिन साठू लागतं. ते विभाजन रोखतं, दुरुस्तीला वेळ मिळवून देतं, आणि नुकसान हाताबाहेरचं असेल तर पेशीला मरायला लावतं. हेच पी५३ केराटिनोसाइटमध्ये, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातल्या मुख्य पेशींत, पीओएमसी हे जनुक चालू करतं. त्यातून तयार झालेलं संप्रेरक मेलॅनोसाइट या रंग बनवणाऱ्या पेशींपर्यंत पोचतं आणि मेलॅनिन हे त्वचेचं रंगद्रव्य वाढतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पी५३ नसलेले उंदीर रापलेच नाहीत. म्हणजे इजा आधी, ढाल मागाहून! शिवाय २०१५ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की मेलॅनोसाइटमध्ये किरण थांबल्यावरही तीन तासांहून जास्त वेळ असे चिकटलेले जोड बनत राहतात, आणि त्यात मेलॅनिनचाच हात असतो.

आजोबांना काही झालं नाही, याचा आनंदच आहे. पण त्यात मेलॅनिनइतकाच वाटा दुरुस्तीचाही आहे. पेशी अशा जोडाभोवतीचा डीएनएचा तीसेक अक्षरांचा तुकडा कापून टाकते आणि नवा भरते. झेरोडर्मा पिगमेंटोझम या आनुवंशिक आजारात ही दुरुस्ती जन्मतःच बिघडलेली असते. अशा मुलांना, ती सावळी असली तरी, कोवळ्या वयात त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. त्यांच्या आईवडिलांना "रापणं म्हणजे संरक्षण" असं सांगाल का?

ड जीवनसत्त्व हा माझ्या लेखाचा विषयच नव्हता. कंपन्यांकडून पैसे घेऊन लिहिते, हा आरोप मात्र तुम्ही मागे घ्यावा.