वजन भरलं, मग डिस्चार्ज का नाही?

सध्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: "अपुऱ्या दिवसांचं बाळ दूध पितंय, वजन भरलंय, औषध बंद करून दोन दिवस झाले, तरी मॉनिटरच्या नावाखाली आठवडाभर अडकवतात. श्वास थांबणं सगळ्याच बाळांत होतं. घरी न्या, ऑनलाइन मिळणारा मॉनिटरचा मोजा घाला."

बिलाची धास्ती खरी आहे, त्यावर वाद नाही. बाकीचं बघू.

"सगळ्याच बाळांत होतं." अर्धं खरं. पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा भराभर श्वास घेणं नवजात बाळांत दिसतंच. पण थांबा २० सेकंदांहून लांबला, किंवा छोट्या थांब्यातही ठोके मंदावले, ऑक्सिजन घसरला, तर तो ॲप्निया. २८ आठवड्यांआधी जन्मलेल्या जवळपास प्रत्येक बाळाला तो होतो. अलार्म वाजतो, सिस्टर तळपाय चोळते, बाळ दचकून श्वास घेतं. घरी रात्री तीनला हे कोण करणार?

"वजन भरलं." वजन आणि मेंदूतलं श्वासाचं केंद्र एकाच वेळी तयार होतील असं नाही. बहुतेकांचे थांबे ३६-३७ आठवड्यांपर्यंत (जन्मापासून नव्हे, गरोदरपणाच्या सुरुवातीपासून मोजलेल्या) मिटतात, फार लवकर जन्मलेल्यांचे ४३-४४ पर्यंतही रेंगाळतात.

"औषध बंद करून दोन दिवस झाले." मेसेजची खरी गफलत इथे आहे. श्वास थांबू नये म्हणून दिलं जाणारं हे औषध म्हणजे कॅफिन, आपल्या चहा-कॉफीतलंच. मोठ्या माणसाच्या अंगातून ते साधारण पाच तासांत निम्मं उतरतं. अशा बाळाला त्यालाच सुमारे १०० तास लागतात, म्हणजे चार दिवस. दुसऱ्या दिवशी बाळ शांत आहे ते बऱ्याच अंशी औषधाच्या जोरावर. म्हणून अनेक ठिकाणी कॅफिन बंद केल्यावर ५ ते ७ दिवस पाहतात, आणि मध्ये मोठा थांबा आला की बहुधा मोजणी पुन्हा पहिल्यापासून. हा आकडा सगळीकडे सारखा नाही, तेव्हा "आमच्या बाळाला इतके दिवस का?" हे जरूर विचारावं.

राहिला पायात घालायचा, ऑक्सिजन मोजणारा मोजा. २०१८ साली 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात अशा दोन उपकरणांची तपासणी छापून आली. त्यातल्या एकाला घसरलेला ऑक्सिजन एकदाही पकडता आला नव्हता.

खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात) हलवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. तिथले उपचार मोफत असतात. आणि सिस्टरांच्या नोंदी दाखवायला सांगा: शेवटचा थांबा कधी आला, किती सेकंदांचा, बाळ आपणहून सावरलं की हलवावं लागलं, कॅफिनचा शेवटचा डोस कोणत्या तारखेला दिला.