म्युनिकचा कप नशिबाने आला नाही

‘2012 ची चॅम्पियन्स लीग चेल्सीला नशिबाने मिळाली. इंग्लिश लीगमध्ये सहावा नंबर, सगळा वेळ गोलसमोर बस उभी (म्हणजे सगळेच बचावाला) आणि शेवटी पेनल्टीची लॉटरी!’ हा मेसेज फिरत फिरत पुन्हा माझ्याकडे आला. चेल्सी या इंग्लिश फुटबॉल क्लबने म्युनिकच्या फायनलमध्ये बायर्नला हरवून युरोपातली ही सगळ्यात मोठी क्लब स्पर्धा जिंकली, त्या रात्री सव्वाबाराला टीव्हीसमोर बसून पहाटेपर्यंत जागलेल्या माणसाला हे वाचवत नाही.

सहावा नंबर खरा आहे. 64 गुण. मार्चमध्ये कोच विलास-बोआसला काढलं आणि त्याचा सहाय्यक दी मातेओ हंगामी कोच झाला. घडी विस्कटलेलीच होती.

पण नुसती बस उभी करून इटलीच्या नापोलीविरुद्ध पुढे जाता आलं असतं का? दोन मॅचपैकी पहिली 3-1 ने हरलेली. 14 मार्चला घरच्या मैदानावर जादा वेळेत 4-1 ने जिंकले. निर्णायक गोल इवानोविचचा, म्हणजे एका डिफेंडरचा.

सेमीफायनलमध्ये बार्सिलोनात मेस्सीची पेनल्टी क्रॉसबारला लागली, ते नशीब, मान्य. पण त्याआधी काहिल जखमी होऊन गेला होता, टेरीला रेड कार्ड मिळालं होतं, स्कोअर बार्सिलोनाच्या बाजूने 2-0. दोन्ही सेंटर-बॅक, म्हणजे बचावाच्या मधले खेळाडू, मैदानाबाहेर! अशा वेळी चेल्सीच्या रामिरेसने धावत जाऊन गोलकीपर वाल्देसच्या डोक्यावरून अलगद चेंडू उचलून गोल केला. ते धाडस नशिबाच्या खात्यात टाकणं अन्याय आहे.

आणि लॉटरीचं म्हणाल, तर चेल्सीच्या गोलकीपर चेककडे बघा. बायर्नच्या 2007 पासूनच्या पेनल्टी त्याने फायनलआधी बसून पाहिल्या होत्या. जादा वेळेत पेनल्टी घ्यायला समोर बायर्नचा रॉबेन, त्याचा चेल्सीतला जुना सहकारी. चेकने ती अडवली आणि चेंडू अंगाखाली दाबून धरला. शूटआउटमध्ये चेल्सीच्या माताची पहिलीच पेनल्टी वाया गेली, तरी हा ढळला नाही. ओलिचची अडवली, श्वाइनस्टायगरची बोटांनी पोस्टवर ढकलली. रॉबेन धरून सहा पेनल्टी, आणि सहाही वेळा उडी बरोबर बाजूला. लॉटरीचा अभ्यास करता येत नाही. त्याने अभ्यास केला होता.

बायर्नला 20 कॉर्नर मिळाले आणि चेल्सीला एक, हा आकडाही तोंडावर फेकला जातो. तो एक कॉर्नर 88 व्या मिनिटाला आला, पाचच मिनिटांपूर्वी बायर्नच्या म्युलरने गोल केल्यावर. माताने चेंडू जवळच्या पोस्टकडे टाकला, द्रोग्बाने मार्कर सोडून पुढे झेप घेतली आणि हेडर इतका जोरात मारला, की बायर्नच्या गोलकीपर नॉयरचा हात लागूनही तो आत गेला.