पावणेदोन गोणी

गेल्या रविवारी घोडबंदर रोडवरच्या एका हॉलमध्ये लग्नाला गेलो होतो. माझे वडील, आण्णा, सोबत होते. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, उभ्याने जेवणं जमत नाही. म्हणून मी त्यांचं ताट वाढून आणलं आणि आम्ही कडेच्या खुर्च्यांवर बसलो. नेमकी आमच्या पाठीमागे उष्टी ताटं ठेवायची जागा होती. दोन निळी पिंपं आणि ताटं घेऊन खरकटं झटकणारी दोन पोरं. आण्णा सावकाश जेवतात. त्यांचं जेवण होईपर्यंत एक पिंप गळ्यापर्यंत भरलं. पुलाव, तोडून ठेवलेल्या नान, पनीरच्या रश्शात बुडालेले गुलाबजाम, पास्ता. एका ताटात चार जिलब्या जशाच्या तशा होत्या, चव बघायलाही मोडल्या नव्हत्या.

शेजारी बसलेले एक गृहस्थ गप्पांत आले. बोलता बोलता म्हणाले, "लोकांना अन्नाची किंमतच राहिली नाही हो. सरकार फुकट रेशन देतंय, बसून खायची सवय लागलीय." आजूबाजूच्या दोघांनी माना डोलावल्या. पिंपाकडे कुणी वळून पाहिलं नाही. लग्नघर होतं, म्हणून मी गप्प राहिले. पण आठवडा झाला, ते वाक्य डोक्यातून जात नाही. कारण जवळपास हेच वाक्य 2008 साली सगळ्या जगासमोर आपल्याबद्दल बोललं गेलं होतं.

आठवतंय का बघा. त्या वर्षी जगभर धान्याचे भाव भडकले होते. हैतीमध्ये एप्रिलमध्ये भुकेली माणसं रस्त्यावर उतरली आणि पंतप्रधानांना खुर्ची सोडावी लागली. मे महिन्याच्या सुरुवातीला अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश मिसुरीत बोलताना म्हणाले, की भारतात 35 कोटींचा मध्यमवर्ग झालाय, म्हणजे अमेरिकेच्या अख्ख्या लोकसंख्येहून मोठा; हातात पैसा आला की माणूस चांगलं खायला मागतो, मागणी वाढते आणि भाव चढतात. त्याच्या काही दिवस आधी त्यांच्या परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राईसही त्याच अर्थाचं बोलल्या होत्या. आपल्याकडे सगळ्या पक्षांचे लोक खवळले. संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी त्याला क्रूर थट्टा म्हटलं.

मी ती बातमी आण्णांना वाचून दाखवली होती. ते नुकतेच धान्य बाजारातल्या माथाडी कामातून निवृत्त झाले होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी आपलं दोन घास त्यांच्या डोळ्यांवर आलं व्हय?"

तेव्हा पेपरांत अमेरिकेच्याच कृषी खात्याचे आकडे छापून आले होते. 2007 साली अमेरिकेत माणशी 1046 किलो धान्य लागलं, भारतात 178 किलो. मी किलोत वाचलं, आण्णांनी गोण्यांत मोजलं. त्यांच्या पाठीवरची गोणी 100 किलोची असायची. "त्यांच्या साडेधा गोण्या. आपली पावणेदोन," एवढंच बोलले आणि चहा प्यायले. ती पावणेदोन गोणी मी कधी विसरले नाही.

साडेदहा गोण्या कुणी पोळ्या करून खात नाही, हे उघड आहे. त्यातलं थोडंच धान्य माणसाच्या पोटात थेट जातं. बरंचसं गाई-डुकरांना, कोंबड्यांना चारून मांस, दूध, अंडी होतात, आणि मक्याचा मोठा वाटा इथेनॉल होऊन गाडीच्या टाकीत जातो. जागतिक बँकेतले अर्थतज्ज्ञ डोनाल्ड मिचेल यांनी जुलै 2008 मध्ये मांडलं होतं, की त्या भाववाढीतला 70 ते 75 टक्के भाग जैवइंधन आणि त्याच्या मागून आलेल्या गोष्टींचा आहे. म्हणजे रिकामी होत गेलेली कोठारं, इंधनाच्या पिकाखाली गेलेल्या जमिनी, सट्टा, निर्यातबंद्या. या टक्क्यांवर तज्ज्ञांत वाद झाले, तेलाचा भाव आणि ऑस्ट्रेलियाचा दुष्काळही त्यात होता. पण भारतीय माणूस अचानक जास्त धान्य खायला लागला, हे कारण कुठेच बसत नव्हतं. आपल्याच राष्ट्रीय नमुना पाहणीत 1993-94 मध्ये खेड्यातला माणूस महिन्याला 13.4 किलो तृणधान्य खात होता, 2004-05 मध्ये 12.1 किलो. आपल्यावर खादाडपणाचा आळ आला, त्याच्या आधीच्या वर्षांत आपल्या ताटातला भाकरी-भात कमी झाला होता.

आता थोडं घरचं सांगते, कारण मी हे पुस्तकातून शिकलेले नाही.

आण्णा माण तालुक्यातले. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर होते, तिथे मिळणारी सुकडी आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले. मिलोच्या भाकरीचं नाव काढलं की आजही त्यांचा चेहरा बदलतो. आजी सोमवारचं रात्रीचं जेवण घ्यायची नाही, तेही 1965 पासूनचं. शास्त्रीजींनी देशाला सोमवारी एक वेळ उपवास करायला सांगितलं होतं. अमेरिकेच्या गव्हाच्या जहाजांवर देश जगत होता आणि ती जहाजं कधी रोखली जातील याचा भरवसा नव्हता. पोटाला पुरेसं नसलेल्या बाईने देशासाठी एक वेळचं सोडलं आणि मरेपर्यंत सोडलं.

मग आण्णा मुंबईला आले, दाणाबंदरात माथाडी म्हणून लागले, आणि बाजार मशीद बंदरहून वाशीला आला तसे आम्ही कोपरखैरण्याला आलो. आई त्याच बाजारात पालावाल होती. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: धान्य चाळायचं, निवडायचं, गोण्या उतरताना सांडलेलं झाडून गोळा करायचं, ते काम करणाऱ्या बायका म्हणजे पालावाल. आकडा लावून गोणी ओढली की तिला भोक पडतं, त्यातून गहू सांडतो, ट्रकच्या फळीवर, जमिनीवर, गटाराच्या कडेला. आई ते झाडायची, पाखडायची, खडे काढायची. एका पाळीत किती निघतं हे तिला हातानेच कळायचं. तिच्या केसांत आणि पदरात इतकी धूळ असायची की घरी आल्यावर आधी मोरीत जायची, मग आम्हाला जवळ घ्यायची.

त्यामुळे वाया जाणं हा शब्द ऐकला की मला आधी बाजार दिसतो, ताट नंतर. वाशीच्या भाजी बाजारात आवक वाढली आणि उठाव नसला, तर सकाळी नऊपर्यंत टोमॅटोच्या क्रेटकडे कुणी बघत नाही. नाशिक-पुण्याकडून रात्रभर प्रवास करून आलेला माल. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता शेतकऱ्याच्या हातात काही उरणार नसेल, तर तो पुढच्या वेळी तोडणीच करत नाही, उभ्या पिकात नांगर घालतो. बातमीत आपण त्याला नासाडी म्हणतो. त्याच्या जागी कुणीही असतं तर तेच केलं असतं. कांद्याचं तर विचारूच नका. उन्हाळी कांदा चाळीत ठेवायचा, भाव येईल म्हणून वाट बघायची, आणि तेवढ्यात एका रात्रीत निर्यातबंदी. डिसेंबर 2023 मध्ये तेच झालं. चाळीतल्या कांद्याला कोंब येतात, खालचा थर सडतो, वजन घटतं. ती नासाडी कुणाच्या हावरटपणाने झाली? लुधियानाच्या केंद्रीय संस्थेने 2015 च्या पाहणीत काढणीपासून बाजारापर्यंतचं देशाचं नुकसान 92,651 कोटी रुपयांचं धरलं होतं. यात कुणी ताटात टाकलेला एक घासही नाही.

पण म्हणून ताटाला माफी नाही. इथे मला माझंच एक आवडतं मत बदलावं लागलं. 2011 साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचा अहवाल आला होता. युरोप-अमेरिकेत ग्राहक वर्षाला माणशी 95 ते 115 किलो अन्न फेकतात, सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत आणि दक्षिण व आग्नेय आशियात 6 ते 11 किलो, असं त्यात होतं. मी ते आकडे वर्षानुवर्षं भांडणात वापरले. मग 2024 चा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाचा अहवाल वाचला. 2022 मध्ये जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं 60 टक्के घराघरांतून. माणशी घरगुती प्रमाण अमेरिकेत 73 किलो आणि भारतात 55. फरक आहे, पण मी समजत होते तेवढा नाही. यात केळ्याची सालं, आंब्याच्या कोयी, हाडं असं न खाण्याजोगंही धरलेलं आहे, आणि आपल्याकडे घरात भाजी सोलूनच रांधतात, त्यामुळे ते जास्त निघणार. तेवढं वजा करूनही जे उरतं ते आपलंच आहे.

आणि हे 55 किलो सगळ्यांच्या घरात सारखे नाहीत. ते सरासरीचे आहेत. माझ्या आईच्या घरात ते नव्हते. घोडबंदरच्या त्या हॉलमध्ये ते एका रात्रीत होतात.

आता ते रेशन. अन्नसुरक्षा कायदा 2013 चा, माणशी महिन्याला 5 किलो. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. वर्षाचे झाले 60 किलो. आण्णांच्या मापाने अर्ध्या गोणीला थोडं जास्त. आपण सरासरीने कचऱ्यात टाकतो 55 आणि ज्याच्या नावाने बोटं मोडतो त्याला मिळतात 60. महिन्याच्या पाच किलो तांदूळ-गव्हावर कुणीही बसून खाऊ शकत नाही. तेल, डाळ, मीठ, गॅस कुठून येणार? तो माणूस सकाळी आठला ऐरोलीच्या नाक्यावर कामासाठी उभा असतो. ती बाई आपल्याच सोसायटीत चार घरची भांडी घासते. बुशसाहेबांनी आपल्याकडे बोट दाखवलं तेव्हा आपल्याला किती लागलं होतं! नव्यानेच दोन वेळ पोटभर खायला लागलेल्या माणसाला साडेदहा गोण्यावाल्याने हिशेब विचारावा, याचा राग होता तो. तोच हिशेब आज आपण आपल्याहून खालच्याला विचारतो, तेही जेवता जेवता.

उपाशी माणूस जगात धान्य नाही म्हणून उपाशी नसतो. 1943 च्या बंगालमध्ये लाखो माणसं मेली. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिलं, की धान्याचा साठा त्या प्रमाणात घटलेलाच नव्हता, माणसांची ते विकत घ्यायची ताकद गेली होती. त्याच 2024 च्या अहवालात जगात 78 कोटींहून जास्त लोक भुकेले असल्याचं म्हटलंय. माझ्या ताटातला भात वाचला म्हणून तो सुदानला पोहोचत नाही, हे मला कळतं. पण धान्य कुठे वळतं, कुणाच्या पैशाच्या ओढीने वळतं, हे मात्र खूप महत्त्वाचं आहे. म्हणून मला इथेनॉलची काळजी वाटते. 2008 मध्ये आपण अमेरिकेला मका गाडीत जाळता म्हणून सुनावत होतो. 2025 मध्ये आपण पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉलचा टप्पा गाठला. उसापेक्षा मक्याचं इथेनॉल जास्त झालं, सरकारी गोदामातला तांदूळही त्यासाठी दिला जातो. तेलाचं परकीय चलन वाचतं, मका पिकवणाऱ्याला गिऱ्हाईक मिळतं, हे खरंच आहे आणि मी ते नाकारत नाही. पण उद्या पाऊस फिरला आणि धान्य महागलं, तर दोष कुणाला देणार? पुन्हा रेशनच्या रांगेला?

आपल्या निर्यातबंद्याही यात आल्या. 2008 मध्ये आपण बिगर-बासमती तांदूळ बाहेर देणं थांबवलं आणि तांदूळ विकत घेऊन खाणाऱ्या देशांत हाहाकार झाला. 2022 च्या मे महिन्यात गहू, 2023 च्या जुलैमध्ये पांढरा तांदूळ. घरचं आधी बघायला हवं, मान्य. तरी आफ्रिकेतल्या एखाद्या गावात त्या दिवशी आपल्याबद्दल काय बोललं गेलं असेल, याचा विचार मला येतो.

त्या रात्री हॉलमधून निघताना आण्णांनी खरकटं झटकणाऱ्या पोराला विचारलं, "बाळा, ह्यातलं तुम्ही काय खाता का?" पोरगा म्हणाला, "आजोबा, आमचं जेवण सगळं आवरल्यावर. तोवर भांड्यात जे राहील ते." साडेअकरा वाजत आले होते.

आमच्याकडे मार्गशीर्षात पुतणीचं लग्न आहे. केटररशी बोलणी सुरू आहेत. तो 400 ताटांची हमी मागतोय, माणसं आली नाहीत तरी पैसे 400 चे, म्हणून अन्नही 400 चं शिजतं. वहिनींना भीती आहे की कमी पडलं तर नाव जाईल. मी म्हटलं 280 ची हमी, निम्मा भात आणि पुऱ्या नऊनंतर गर्दी बघून करायच्या, पदार्थ सात-आठच, आणि वाढपी व कामगार साडेआठला आधी जेवतील, गरम. केटरर पहिल्या तीन गोष्टींना तयार होतोय. चौथीला म्हणतो, "ताई, असं कुणी करत नाही." ठाणे-नवी मुंबईत कुणाच्या घरच्या कार्यात कामगारांची पंगत आधी बसली असेल, तर कमेंटमध्ये सांगा. केटररने वेळेचं कसं जमवलं तेही लिहा, मला त्याला दाखवायचं आहे.