भुताटकीची कादंबरी कशी खपवावी

गूढ कादंबरी लिहायचं ठरवलंत ना? मग आधी कोकणात एक वाडा घ्या. विकत नव्हे हो, कथेत. कोकण तुम्ही शनिवार-रविवारच्या सहलीतच पाहिलं असलं तरी चालतं. वाड्यात म्हातारा राखणदार असतोच. त्याच्या तोंडी 'थंय जाव नको, झिला' एवढं घाला आणि पुढचं सगळं त्याला खुशाल सदाशिव पेठी बोलू द्या. नायक नास्तिक, शहरातला, फोनची रेंज गेलेला.

भुतांचा मात्र थोडा अभ्यास करा. मी केला नव्हता. माझा मुंजा वडावर बसला आणि एका वाचकाचं चार पानी पत्र आलं: मुंजा पिंपळावर असतो, सोडमुंजीआधी गेलेल्या पोराला तुम्ही वटपौर्णिमेच्या झाडावर चढवलंत कसं? कथेबद्दल अवाक्षर नाही. आणि ती हडळ. तिचे पाय उलटे, म्हणजे ठसे जिकडे गेलेले दिसतात तिकडूनच बाई आलेली असते. रहस्यकथेला असा फुकटचा धागा कुठे मिळणार? पण तो वापरायला डोकं लागतं, त्यामुळे आपण तिचे केस मोकळे सोडतो आणि प्रकरण संपवतो.

मुद्रितशोधनावर पैसे घालवू नका. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चिठ्ठीतल्या 'धरावे'चं 'मारावे' झालं म्हणून, अशी आख्यायिका आहे. एका अक्षरावर पुण्याला अडीचशे वर्षं पुरलेलं भूत मिळालं. तुमच्याकडे तर पानागणिक चार चुका आहेत.

मलपृष्ठावर 'धारपांची आठवण करून देणारी शैली' असं मित्राकडून लिहून घ्या. त्याच्या पुस्तकावर तुम्ही 'मतकरींनंतर थेट हेच' लिहा. भयकथावाले नारायण धारप २००८ साली गेले, गूढकथावाले रत्नाकर मतकरी २०२० साली. तक्रार करायला कोणी येणार नाही, आणि आलंच तर त्याहून चांगली जाहिरात कुठली?

प्रकाशन अमावास्येला ठेवा, सभागृह हमखास मोकळं मिळतं. माझ्या समारंभाला नऊ जण होते, पैकी दोघं पुढच्या भावगीतांच्या कार्यक्रमाची जागा धरायला लवकर आलेले. कोकणातल्या आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे भुतांचा राजा वेताळाला, लोक आपण होऊन केळ्यांचे घड आणि हातभर लांब चामडी चपला वाहतात. त्याला ना पोस्टर, ना रील. तुम्हाला मात्र रोज रात्री बाराला मेणबत्ती लावून 'पुढे काय झालं? लिंक पहिल्या कमेंटमध्ये' असं घोगऱ्या आवाजात सांगावं लागेल. घरचे झोपलेले असतील, तेव्हा जरा हळू.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं: मुखपृष्ठावर 'सत्य घटनेवर आधारित' हवंच. घटना कुठे घडली, असं एका मुलाखतीत विचारलं, तेव्हा मी रंगात येऊन आमच्याच भाड्याने दिलेल्या फ्लॅटचा पत्ता सांगून बसलो. तिथल्या मोरीतला नळ रात्री आपोआप सुटतो, असंही सांगितलं. (वायसर गेला होता.) महिन्याभरात भाडेकरू डिपॉझिट मागायला दारात उभा.

"कादंबरी वाचलीत वाटतं?" मी आशेनं विचारलं.

"वाचली ना. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी पीडीएफ टाकली होती."