वन्समोअरला वन्समोअरच म्हणा

आज संध्याकाळी नाट्यसंगीताच्या कार्यक्रमाला गेले होते. एक पद असं काही रंगलं की मधल्या रांगेतले एक आजोबा अर्धवट उठून खणखणीत आवाजात ओरडले, "वन्समोअर!" तर निवेदिकाबाई माइकवरून म्हणतात, "काका, करेक्ट वर्ड एन्कोर आहे बरं का!" सभागृह हसलं. आजोबा ओशाळून खाली बसले. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की घरी येऊन चपला काढायच्या आधी हे लिहायला घेतलंय.

अहो बाई, करेक्ट कशाला म्हणता? एन्कोर हा शब्द इंग्रजांनी फ्रेंचांकडून उचलला. आणि फ्रेंच प्रेक्षक स्वतः काय ओरडतात? "बिस!" म्हणजे तेही लॅटिन. सगळा उसनवारीचा मामला, आणि अशुद्ध फक्त आमचे आजोबा!

वन्समोअर हा मराठी शब्द आहे. वन्समोअर मिळतो, वन्समोअर घेतात, एखादी हट्टी नटी तो देत नाही. कुठल्या इंग्रजाला कळेल ही भाषा? बालगंधर्व 'स्वयंवर'मधलं 'नाथ हा माझा' म्हणायचे आणि लोक ते परत परत म्हणायला लावायचे, ते काय एन्कोर होतं? हल्लीच्या पाश्चात्त्य मैफिलीतला एन्कोर म्हणजे कार्यक्रम संपल्यावर कलाकार आत जातो, टाळ्या वाजतात, मग बाहेर येऊन आधीच ठरवून ठेवलेलं गाणं म्हणतो. आमचा वन्समोअर नाटकाच्या ऐन मध्यात पडतो. तेच पद, तिथेच, आत्ता.

आमच्या आत्याने गावच्या उत्सवात 'सौभद्र' नाटकातली सुभद्रा केली होती. 'वद जाऊ कुणाला शरण' झालं आणि वन्समोअर आला. घसा सकाळपासून बसलेला, पायपेटीवाले मान हलवून 'नको' म्हणतायत, पडद्याच्या दोरीशी उभा असलेला माणूस गोंधळलेला. आत्याने पेटीकडे बघून सूर मागितला आणि परत सुरुवात केली. आधीच संकटात सापडलेली ती सुभद्रा, तिला लोकांनी पुन्हा शरण कुणाला जाऊ विचारायला लावलं! पण आत्या सांगायची की दुसऱ्या वेळी घसा फाटू नये म्हणून हळू गायले, आणि पद तेव्हाच खरं लागलं. विंगेत आल्यावर तिने आधी गरम पाणी मागितलं, मग रडली.

बरं, वन्समोअरने नाटकाचा विचका व्हायचा हे मान्य. रात्री सुरू झालेली नाटकं पहाटेपर्यंत चालायची, कथा पार बाजूला राहायची. 1933 साली 'आंधळ्यांची शाळा' करणाऱ्यांना कमी गाण्यांचं नवं नाटक काही उगाच हवंसं वाटलं नव्हतं. व्हिएन्नातही तेच. 1786 साली मोत्सार्टच्या 'फिगारो' या ऑपेरात, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकात, गाणी इतक्या वेळा परत गायला लावली की सम्राट दुसऱ्या जोसेफने एकाहून जास्त गायकांनी मिळून म्हणायची गाणी पुन्हा घ्यायला बंदी केली. म्हणजे प्रेक्षकाचा हावरटपणा जगभर सारखाच. पण हावरट माणूस निदान ऐकत तरी असतो हो! आज माझ्या शेजारचे गृहस्थ अख्खं पद मोबाइलच्या पडद्यावर बघत होते. त्यांना नाही सुचला वन्समोअर. त्यांच्याकडे रेकॉर्डिंग होतं ना.

मला त्या निवेदिकेचाही फार राग नाही आता लिहिता लिहिता. पोरगी तरुण आहे, कुणीतरी तिला शाळेत असंच टोकून टोकून इंग्रजी शिकवलं असणार. पण ज्या माणसाला गाण्याने जागच्या जागी उठवलं त्याला शब्द दुरुस्त करून खाली बसवायचं? आत्याच्या त्या रात्री कुणी मधेच उठून "एन्कोर म्हणा" म्हटलं असतं तर गावच्या पोरांनी त्याला मांडवाबाहेर काढलं असतं.

आता कमेंटमध्ये कुणीतरी शुद्ध मराठीचा कैवारी येईल आणि 'पुन्हा एकदा' म्हणा म्हणून सुचवेल. सुचवा की. एकदा भरल्या थिएटरात शेवटच्या रांगेतून ओरडून बघा. 'एकदा'पर्यंत पोचेस्तोवर तबलजीने पुढचा ठेका धरलेला असेल.